पेटी बंद करून चालू करावी

प्रेसच्या डायवरचं, म्हणजे खालच्या लोखंडी साच्यावरचं, रक्त कुणी पुसलं नव्हतं. तीन दिवसांत ते वाळून काळं पडलं होतं आणि त्यात एक अर्धवट वाकलेला पत्रा चिकटून बसला होता. पत्र्याच्या कडेला काय अडकलंय ते मी बघितलं आणि मान फिरवली.

“सगळं जसंच्या तसं ठेवलंय,” मॅनेजर रणपिसे म्हणाले. “तुमची तपासणी झाली की धुऊन घेऊ. चार नंबरची प्रेस थांबून चालायची नाही, मॅडम.”

त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पत्र होतं. टाइप करूनच आणलेलं, खाली माझं नाव आणि सहीपुरती जागा. ‘यंत्रात कोणताही दोष आढळला नाही. कामगाराने एक बटण गुडघ्याने दाबून उजवा हात डायवर ठेवल्याने अपघात घडला.’ मी अजून खांद्यावरची पर्स खाली ठेवली नव्हती आणि मला काय आढळणार ते लिहून तयार होतं. मला असल्या आगाऊपणाची चीड आहे. पण तेव्हा मी नुसती पर्स खाली ठेवली.

कामगाराचं नाव गहिनीनाथ सानप. पाटोद्याकडचा, अकरा वर्षं याच प्रेसवर. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. माझी सही झाली की चूक त्याची ठरणार, नोकरी जाणार आणि आपला हात आपणच घालवला असं जन्मभर त्याच्या नावापुढे लागणार. शेडमधली चाळीस माणसं काम बंद करून जमिनीवर बसली होती, ती एवढ्याचसाठी. त्यांच्यापुढे गहिनीनाथचा धाकटा भाऊ आंबादास उभा होता. तो शेजारच्या तीन नंबरच्या प्रेसवर असायचा. अपघात झाला तेव्हा भावाचा हात डायमधून त्यानेच सोडवला होता. आता त्याच्या हातात हातभर लांब पान्हा होता आणि तो खाली ठेवायला कुणी सांगत नव्हतं.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची, भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत टेस्टर. आम्ही पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसना लावायच्या पेट्या बनवायचो. पेटीला दोन बटणं, एकमेकांपासून चांगली दोन हात लांब. कामगाराने पत्रा डायवर ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन्ही बटणं एकदम दाबायची. तरच वरचा लोखंडी ठोकळा पंचवीस टनांच्या जोराने खाली यायचा; त्यालाच सगळे घाव म्हणायचे. दोन्ही हात बटणांवर असले की ते डायवर असूच शकत नाहीत, इतका साधा हिशेब. हा हिशेब पेटीतला प्रोग्रॅम सांभाळायचा.

प्रोग्रॅम निशिकांत राजहंसने लिहिला होता. मी तो तपासला होता, पण वाचला नव्हता. आमच्या कामाची रीतच ती. टेस्टरने आत काय लिहिलंय ते बघायचं नाही. बघितलं की तोही लिहिणाऱ्याच्या डोक्याने विचार करायला लागतो आणि लिहिणारा जिथे चुकतो तिथेच चुकतो. आपण फक्त बाहेरून बटणं दाबायची आणि काय होतं ते लिहायचं. ऑफिसात प्रेस कुठली असणार? तिथे पेटीला एक हिरवा दिवा जोडलेला असे. दिवा लागला म्हणजे घाव खाली आला असं समजायचं.

निशिकांतही त्या दिवशी माझ्याबरोबर आला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“एक्केचाळीस तपासण्या आहेत,” तो कामगारांना ऐकू जाईल असं म्हणाला. “ऑफिसात सगळ्या पास. इथेही होतील. मग बोलू.”

मी कागद काढला. पहिली ओळ नेहमीची: पेटी बंद करून पुन्हा चालू करावी. मी पेटीच्या मागचा खटका खाली केला, दहा अंक मोजले, वर केला. मग एकेक तपासणी सुरू केली. नुसतं डावं बटण. नुसतं उजवं. आधी एक, मग दुसरं. एक दाबून धरायचं आणि दुसरं सोडायचं. प्रेसचं मोठं चाक घरघरत फिरत होतं, पण घाव यायचा तेव्हाच येत होता आणि यायचा नाही तेव्हा येत नव्हता. प्रत्येक वेळी तो खाली आला की मागे बसलेली माणसं एकदम श्वास घ्यायची.

सव्वा तासाने मी शेवटची टीक मारली.

“काय निघालं?” आंबादासने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले.

“म्हंजी माह्या भावानं आपणहून हात घातला?”

“तसं मी म्हणाले नाही.”

“ह्या कागदात तेच हाय. आमालाबी वाचता येतं, मॅडम.”

रणपिसेंनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं. खोटं कशाला सांगू, मी सही करणार होते. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस पास असताना टेस्टर दुसरं काय करणार?

“एक इचारू का?” आंबादास म्हणाला. “तुमी सुरुवातीला मागचा खटका खाली करून वर केला. ते कशामुळं?”

“पद्धत आहे. प्रत्येक तपासणी कोऱ्या पाटीवर सुरू करायची.”

“आमी कधीच बंद करत नाही.”

“म्हणजे? पाळी संपल्यावर?”

“पाळी संपली की दुसरी पाळी येती. मग तिसरी. ही पेटी बसवल्यापून एकदाबी बंद झाली नाही. दादाचा हात अडकला तव्हा आमी चाक थांबवलं, पेटी चालूच व्हती. ती आज तुमी बंद केली, पहिल्यांदा.”

आम्ही ऑफिसातली माणसं. साडेसहा वाजले की दिवे, पंखे, पेट्या बंद करायच्या आणि बस पकडायची. पेटी दिवसरात्र चालूच राहते हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

निशिकांत हसला. “अहो, प्रोग्रॅम आहे तो. रात्रभर जागला म्हणून थकायला तो काय वॉचमन आहे?”

तो हसला नसता तर पुढचं झालं नसतं, असं मला अजूनही वाटतं.

“फरक पडत नाही ना?” आंबादास शांतपणे म्हणाला. “मग ही माही तीन नंबर. त्याच दिवशी बसवली, तीच पेटी. हिला कुणी हात लावला नाही.” त्याने भिंतीवरचं बटण दाबलं. तीन नंबरचं चाक फिरायला लागलं. मग त्याने निशिकांतची कॉलर धरली. “ह्याच्यात ठेव तुहा हात.”

“ए! सोड त्यांना!” रणपिसे मध्ये आले आणि त्यांनी आंबादासला छातीवर ढकललं. पान्हा एकदाच फिरला. रणपिसेंच्या तोंडातून आधी आवाज आला, मग रक्त. ते गुडघ्यांवर बसले आणि ओंजळीत दात शोधू लागले. त्यांना उचलायला कुणी पुढे झालं नाही. तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या एका फटक्याने सुटलं. चारपाच जण उठले, निशिकांतला ओढत तीन नंबरकडे नेलं. वाटेत कुणी त्याच्या पाठीत लाथ घातली, कुणी कानशिलात. एकाने त्याचं डोकं प्रेसच्या खांबावर आपटलं. त्याच्या खिशातली पेनं पडली, ती पायांखाली मोडली.

“थांबा!” निशिकांत ओरडला. ओठ फाटला होता, तरी आवाजात भीतीपेक्षा राग जास्त. “सोडा मला. धरायची गरज नाही. मी स्वतः ठेवतो.”

त्यांनी सोडलं. त्याने बाही वर सारली, उजवा हात डायवर पालथा ठेवला आणि डाव्या हाताने ओठ पुसला.

“माझा प्रोग्रॅम आहे. बटणांना हात लावू नका, मग बघा. उद्या सकाळपर्यंत ठेवतो हवं तर.”

आंबादासने पान्हा बाजूच्या टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घातली. “ठेव.”

नुसतं चाक घरघरत होतं. आणि मी पेन हातात धरून उभी होते, कारण त्या शेडमध्ये मला एकटीला ठाऊक होतं की तो घाव आपोआप खाली येऊ शकतो.

मी तो दिवा लागलेला बघितला होता.

ऑफिसात, एका शुक्रवारी. मावसभावाचा साखरपुडा होता, कऱ्हाडची गाडी गाठायची होती. घाईत पेटी बंद करायची राहिली. तिला मी बटणं दाबणारी एक छोटी मोटर लावून ठेवली होती, तीही चालूच राहिली. सोमवारी सकाळी आले तर मोटरचं रबर तुटून पडलेलं, बटणं मोकळी, कुणी दाबत नव्हतं. आणि माझ्यादेखत हिरवा दिवा लागला. विझला. मी खुर्चीवर बसले. दहा मिनिटांनी पुन्हा लागला.

मी दिवसभर खटपट केली. तीच चूक पुन्हा घडवून दाखवायची म्हणून चाळीस वेळा तरी सुरुवातीपासून सुरुवात केली. प्रत्येक वेळी रीतीप्रमाणे आधी पेटी बंद करून चालू केली. दिवा पुन्हा म्हणून लागला नाही.

मग मी सांगितलं का नाही? त्याचं कारण लाजिरवाणं आहे. महिनाभर आधी मी अशीच एक चूक सांगितली होती आणि निशिकांतला बोलावल्यावर ती दाखवता आली नव्हती. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरच्या पेटीला लिंबू-मिरची टांगलेली होती. “हर्षदा थोरवेंच्या पेटीत भूत आहे, उतारा केलाय,” निशिकांत म्हणाला आणि अख्खं ऑफिस हसलं. साहेबही हसले. माझा स्वभाव तिखट, मला ते इतकं लागलं की घरी जाऊन जेवले नाही. दुसऱ्यांदा हसं करून घ्यायचं नव्हतं. दाखवता येत नसेल ती चूक लिहायची नाही, असा नियमही होता आमच्याकडे. झाकली मूठ. मी वहीत त्या सोमवारपुढे ‘पास’ लिहिलं.

“निशिकांत, हात काढ,” मी म्हणाले.

त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून दुर्लक्ष केलं.

“काढ हात! ती पेटी बंद केलेली नाही, घाव पडेल!”

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. दातांवर रक्त होतं, तरी हसला. “काय झालं हर्षदा? भूत दिसलं?”

मी धावले. त्याचा दंड धरून ओढला. तो हट्टाला पेटला होता, त्याने पाय रोवले आणि मला कोपराने ढकललं. मी टेबलावर आदळले. हाताला पान्हा लागला. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या कोपराखाली जोर होता नव्हता तेवढा लावून मारला. हाड मोडल्याचा आवाज चाकाच्या आवाजातही ऐकू आला. तो किंचाळत मागे कोसळला. हात बाहेर आला, भलत्याच ठिकाणी वाकलेला.

घाव वरच होता. काहीही झालं नव्हतं.

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. पान्हा अजून माझ्या हातात होता.

“का मारलं?” आंबादासने विचारलं. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. “तुमाला काय म्हाईत हाय?”

मी सांगितलं. सोमवार, रबर, दिवा दोनदा लागला, वहीत पास लिहिलं. लिंबू-मिरचीचंही सांगितलं. मोठ्याने सांगितलं, कारण चाकाचा आवाज होता. खाली पडलेला निशिकांत कण्हायचा थांबून ऐकत होता.

“कोणता सोमवार?”

“सतरा तारखेचा.”

“पेट्या आमच्याकडं बावीसला आल्या.” त्याने अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. हळूहळू, चुकू नये म्हणून. “पाच दिवस व्हते तुमच्याकडं.”

आणि त्याने माझ्या तोंडात मारली. उलट्या हाताने नाही, सरळ, ताकदीने. मी खाली बसले. कानात शीळ वाजायला लागली. ती पुढे चार दिवस वाजत होती. दुसरी मारायला त्याने हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

“बसा सगळे,” तो माणसांना म्हणाला. “कुणी बटणाला हात लावायचा नाही. बघू.”

आम्ही बसलो. रणपिसे तोंडाला रुमाल लावून, निशिकांत मोडका हात मांडीवर घेऊन, मी गाल धरून, आणि ती चाळीस माणसं. कुणीतरी निशिकांतच्या हाताला पत्र्याची पट्टी आणि सुतळी बांधली. त्याला दवाखान्यात न्यायला दोघं उठले, पण तोच नको म्हणाला. त्याला बघायचं होतं. आयुष्यात मी शेकडो तपासण्या केल्या, तशी तपासणी पुन्हा केली नाही. फक्त बघत बसायचं.

वीस मिनिटं झाली असतील. घाव खाली आला.

धाड् करून रिकाम्या डायवर आदळला आणि वर गेला. जमीन हादरली. बसलेली माणसं बसल्या बसल्या मागे सरकली. बटणांजवळ कुणीच नव्हतं.

“कुणी दाबलं?” निशिकांतने विचारलं.

“कुणी नाही,” मी म्हणाले.

तो ‘शक्य नाही, शक्य नाही’ असं दोनदा म्हणाला आणि बाजूला वळून ओकला. पुढे प्लॅस्टर निघाल्यावर त्याने आत काय होतं ते मला समजावून सांगितलं. घाव मोजणारा एक आकडा होता. पेटी कित्येक दिवस बंद झाली नाही की तो भरून वाहायचा आणि हिशेब उलटा व्हायचा. बंद केली की आकडा पुन्हा शून्यावर. मला अर्धंच कळलं. लिंबू-मिरचीचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

आंबादासने तीन नंबरचं चाक थांबवलं आणि मग भिंतीला टेकून ढसाढसा रडला. मी रणपिसेंच्या खिशातून ते पत्र काढून घेतलं. त्यांनी विरोध केला नाही. मागच्या कोऱ्या बाजूला मी सगळं लिहिलं: काय बघितलं, कधी बघितलं, आणि सांगितलं नाही. खाली सही केली. चाळीसातल्या सहा जणांनी साक्षीला सह्या केल्या.

“माह्याकडं देऊ नका,” आंबादास म्हणाला. “दादाला वाचून दावा. तुमीच.”

त्याच दुपारी मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून हॉस्पिटलात गेले. वाटलं होतं, इथेही मार बसेल, आणि बसला तर मी घेणार होते.

गहिनीनाथ वॉर्डच्या टोकाला खिडकीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, हाताच्या जागी पांढरं बोचकं. बायको मुक्ता पायाशी बसली होती. आंबादास नुसतं “ह्या पेटीवाल्या मॅडम” म्हणाला आणि बाजूला झाला. मी उभ्याने वाचलं.

त्याने खिडकीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

“परत वाचा,” तो म्हणाला.

मी परत वाचलं. पाच दिवस हाती असून सांगितलं नाही, हे वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचलं, त्याला नीट कळावं म्हणून. पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

“म्हंजी मी गुडघा लावला नव्हता?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की. घाव आपोआप आला. तुमची काही चूक नव्हती.”

“मला तर आठवाया लागलं व्हतं वो, ताई.” त्याने डाव्या हाताने तोंड पुसलं. “पहिल्या दिवशी म्हणलं, मी न्हाई लावला. रणपिसे साहेब रोज येऊन इचारायचे, लावलाच आसंल, आठव. आठव, आठव. काल रातच्याला मला पष्ट दिसलं, मी गुडघा लावलेला. बटण कसं गार लागलं, तेबी. हिलाबी सांगून टाकलं, माहीच चूक म्हणून. सहीबी करणार व्हतो आज.”

मुक्ताने पदर तोंडात धरला.

“लई उपकार झाले, ताई,” तो म्हणाला आणि उरलेला हात कपाळाला लावून मला नमस्कार केला. मग बायकोला म्हणाला, “मॅडमला च्या दे. उन्हाच्या आल्यात.”

तिने थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे धरला. गालाच्या आत दात लागून सोललं होतं, चहा झोंबत होता. मी तो शेवटपर्यंत प्याले.